ह्युएनत्संगबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळेत आपल्याला ह्युएनत्संग म्हणजे "चिनी प्रवासी, हर्षवर्धनाच्या काळात आला होता" एवढंच शिकवतात, दोन मार्कांचा प्रश्न, संपलं. मी स्वतः भाषांतराचं काम करते, त्यामुळे मला तो वेगळाच दिसतो. प्रवासात त्याची सोळा-सतरा वर्षं गेली हे खरं, पण परत गेल्यावर पुढची एकोणीस वर्षं तो मांडी घालून संस्कृतातून चिनीत भाषांतर करत बसला होता आणि माझ्या मते त्याचं खरं आयुष्य ते आहे. ओळखीतले लोक विशेषतः अजिंठ्याला जाऊन आले की खूप प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतेय.

त्याचं नाव नक्की काय? ह्युएनत्संग, युआन श्वांग की श्वेनत्सांग?

सगळी एकाच माणसाची नावं आहेत. चिनी उच्चार आधी इंग्रजांनी आपापल्या पद्धतीने लिहिले, मग ते आपण देवनागरीत आणले, त्यात हा घोळ झाला. चिनी उच्चाराच्या जवळचं म्हणाल तर "श्वेनत्सांग". मी ह्युएनत्संगच लिहिते कारण लहानपणापासून तोंडात तेच बसलंय. हे त्याचं भिक्षू झाल्यानंतरचं नाव, घरचं आडनाव छेन. आणि भारतात त्याला दोन संस्कृत नावंही मिळाली होती, महायानवाले त्याला महायानदेव म्हणायचे आणि हीनयानवाले मोक्षदेव.

तो कुठला, आणि भिक्षू कसा झाला?

चीनच्या हनान प्रांतात, लोयांग शहराजवळ, साधारण 602 साली जन्म. मोठा भाऊ आधीच भिक्षू होता, त्याच्यामागोमाग हाही तेराव्या वर्षी विहारात गेला. पुढे राजवट बदलली, 618 मध्ये थांग घराणं आलं, त्या धामधुमीत दोघं भाऊ छंगदूला गेले आणि तिथे 622 मध्ये त्याची पूर्ण दीक्षा झाली.

मग भारतात यायचं कारण काय? तीर्थयात्रा?

तीर्थयात्रा होतीच, पण मुख्य कारण वेगळं आणि मला तेच जास्त भावतं. चीनमध्ये तोपर्यंत बौद्ध ग्रंथांची ढीगभर भाषांतरं झाली होती, पण एक पंथ एक सांगतोय, दुसरा त्याच्या बरोब्बर उलट सांगतोय, एकाच ग्रंथाची दोन भाषांतरं जुळत नाहीयेत, अर्धे ग्रंथ अपुरे. हा एकेका गुरूकडे जाऊन विचारायचा आणि कन्फ्युजन वाढवूनच परत यायचा. शेवटी त्याने ठरवलं की मूळच बघायचं. त्याला सगळ्यात जास्त हवा होता तो योगाचारभूमिशास्त्र हा बौद्धांच्या योगाचार पंथाचा प्रचंड ग्रंथ, पूर्ण, संस्कृतातला.

म्हणजे वाईट भाषांतरांनी हैराण झालेला एक वाचक मूळ प्रत आणायला हजारो मैल चालत निघाला. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे वाचून भरून येईल.

त्याला सरकारी परवानगी होती का?

नव्हती. तेव्हा देशाबाहेर जायला बंदी होती, त्याने अर्ज केला तो नाकारला गेला, मग 629 मध्ये (काही अभ्यासक 627 धरतात) तो लपूनछपून निघाला. सरहद्दीवर पाच पहाऱ्याचे बुरुज होते, पाणी फक्त बुरुजांपाशी, आणि पलीकडे गोबीचं वाळवंट. वाटाड्या म्हणून घेतलेल्या माणसाने रात्री त्याच्या दिशेने सुरी उपसली, त्यामुळे तोही सुटला. मग वाळवंटात एकट्याच्या हातून पाण्याची पखाल सांडली. सगळं पाणी वाळूत. चार रात्री पाच दिवस घशाखाली थेंब नाही असं त्याच्या शिष्याने चरित्रात लिहिलंय. त्याच्याजवळ एक म्हातारा, हडकुळा, तांबडा घोडा होता, वाळवंटापलीकडच्या हामी गावाची वाट पंधरा वेळा तुडवलेला म्हणून मुद्दाम घेतलेला, तो घोडाच शेवटी वाट सोडून भलतीकडे वळला आणि हिरवळीपाशी, पाण्यापाशी जाऊन थांबला.

या वाळवंटात तो प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हणत होता, हे पुढे परत येणारे, लक्षात ठेवा.

तुर्फानच्या राजाने त्याला कोंडून ठेवलं होतं हे खरंय का?

तुर्फान म्हणजे वाळवंटापलीकडचं एक राज्य. कोंडून असं नाही, पण जाऊच देईना. राजा भक्त होता, त्याला हा राजगुरू म्हणून कायमचा हवा होता. ह्युएनत्संगने अन्नपाणी सोडलं, तीन दिवस, चौथ्या दिवशी राजा घाबरला आणि नमला. नुसता नमला नाही तर घोडे, नोकर, वीस वर्षं पुरेल एवढं धन आणि वाटेतल्या 24 राज्यांच्या नावाने पत्रं दिली. बदल्यात वचन घेतलं की परतताना तीन वर्षं माझ्याकडे राहायचं. ते वचन पाळता आलं नाही, कारण 640 मध्ये थांग सैन्याने ते राज्यच संपवलं होतं.

नालंदात त्याने काय केलं?

तिकडे पोचायला आधी थ्यान शान पर्वत (तिथे बर्फात बरोबरची बरीच माणसं गेली), समरकंद, बामियान (उभ्या बुद्धमूर्तींचं वर्णन त्याने केलंय, त्याच 2001 मध्ये उडवल्या), गांधार, मग काश्मीरमध्ये दोन वर्षं अभ्यास, असं करत करत साधारण 637 च्या सुमारास तो नालंदाला आला. तिथले कुलगुरू शीलभद्र, चरित्रात त्यांचं वय 106 दिलंय. त्यांनी खास त्याच्यासाठी योगाचारभूमी शिकवायला घेतली आणि ती पंधरा महिने चालली.

चरित्रात त्याला मिळणाऱ्या रोजच्या शिध्याचा हिशोबसुद्धा आहे! सुपाऱ्या 20, जायफळं 20, थोडा कापूर, आणि महाशाली तांदूळ, ज्याचा दाणा काळ्या घेवड्याएवढा आणि शिजला की घमघमाट, जो फक्त मगधातच पिकायचा आणि राजेलोकांना आणि मोठ्या विद्वानांनाच मिळायचा. एवढ्या मोठमोठ्या तत्त्वज्ञानाच्या गप्पांमध्ये तो भाताचा वास कुणीतरी आठवणीने लिहून ठेवला हे मला फार आवडतं.

"नालंदात दहा हजार विद्यार्थी" हा आकडा जो सगळीकडे फिरतो तो त्याच्या चरित्रातला आहे. त्याच्या स्वतःच्या ग्रंथात नुसतं "काही हजार" आहे आणि नंतर आलेला चिनी भिक्षू इत्सिंग तीन-साडेतीन हजार म्हणतो. मी तरी इत्सिंगवर विश्वास ठेवते.

तो महाराष्ट्रात आला होता का? आपल्याबद्दल काय लिहिलंय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न! हो, आला होता, दक्षिणेत कांचीपर्यंत जाऊन मग वर येताना, साधारण 641 च्या आसपास. चिनीत त्याने नाव लिहिलंय "मो-हो-ला-चा", म्हणजे महाराष्ट्रच. राजा "पु-लो-कि-शे", म्हणजे चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी.

लिहिलंय ते असं, की जमीन कसदार, हवा उष्ण, माणसं उंच, साधी आणि सरळ पण मानी. उपकार केलेल्याला विसरत नाहीत आणि अपमान केलेल्याला सोडत नाहीत. कुणी संकटात हाक मारली तर स्वतःचा विचार न करता धावतात. सूड घ्यायचा असेल तर आधी शत्रूला कळवतात, मग दोघं चिलखत घालून भाले घेऊन समोरासमोर. लढाईत पळणाऱ्याचा पाठलाग करतात पण शरण आलेल्याला मारत नाहीत. सेनापती हरला तर त्याला शिक्षा नाही, फक्त बायकांचे कपडे देतात, आणि तो लाजेनेच जीव देतो. विद्येची आवड असलेले लोक आहेत असंही लिहिलंय, शंभरच्या वर विहार आणि पाचेक हजार भिक्षू होते म्हणतो.

आपण फॉरवर्ड करतो तेव्हा इथेच थांबतो. पण त्याच परिच्छेदात हेही आहे की राजाचे काहीशे वीर लढाईला निघण्याआधी दारू पिऊन झिंगतात, हत्तींनाही दारू पाजतात आणि मग असे सुटतात की समोर कुणी टिकत नाही. पूर्ण उतारा वाचावा, तो जास्त जिवंत आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो स्वतः हर्षाच्या मर्जीतला माणूस, तरी स्वच्छ लिहितो की हर्ष सगळं सैन्य घेऊन स्वतः चालून आला पण यांना जिंकू शकला नाही. हीच गोष्ट आपल्या बाजूने ऐहोळेच्या शिलालेखात आहे, शके 556 म्हणजे 634 चा, रविकीर्तीने रचलेला, त्यात "भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः" अशी कोटी केलीये, म्हणजे ज्याने हर्षाचा हर्ष भीतीने गळून पाडला. तीन महाराष्ट्रकं आणि त्यांतली 99,000 गावं हा उल्लेखही त्याच लेखातला. एक दगडावर कोरलेलं, एक चिनीत कागदावर उतरलेलं, आणि दोन्ही जुळतात.

मग तो अजिंठ्याला गेला होता का?

वर्णन आहे. राज्याच्या पूर्व सीमेला डोंगर, अंधाऱ्या दरीत खोदलेला विहार, आचार नावाच्या अर्हताने बांधलेला, भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मांचे प्रसंग, आणि दाराबाहेर डावीउजवीकडे एकेक दगडी हत्ती. दिङ्नाग हा मोठा तर्कशास्त्री इथे राहायचा असंही लिहिलंय. 26 नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचल नावाच्या भिक्षूने लेणं करवलं असा उल्लेख आहे, आणि 16 नंबरच्या लेण्याकडे चढताना पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हत्ती आजही आहेत, म्हणून अभ्यासक हे अजिंठाच धरतात.

पण त्याने 70 फुटी दगडी मूर्ती आणि तिच्यावर आधाराशिवाय तरंगणारी सात छत्रं असंही लिहिलंय, तसं अजिंठ्यात काही नाही. तिथली सगळ्यात मोठी मूर्ती म्हणजे 26 मधला महापरिनिर्वाणातला पहुडलेला बुद्ध, साधारण 7 मीटर लांब. मला वाटतं त्याने हे तिथल्या भिक्षूंकडून ऐकून लिहिलं. त्याने बघितलेली राजधानी कुठली यावरही वाद आहेत, कुणी नाशिक म्हणतं, कुणी आणखी काही. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात की 16 कडे चढताना त्या हत्तींपाशी दोन मिनिटं थांबा एवढंच सांगेन.

परत जाताना काय काय नेलं?

657 ग्रंथ, 520 बासनांत बांधलेले, बुद्धाच्या सात मूर्ती आणि अस्थिधातू, हे सगळं थांग राजधानी छांगआनला पोचलं तेव्हा वीस घोड्यांवर लादलेलं होतं. 645 साल. त्याआधी 643 मध्ये हर्षाने कनौजला त्याच्यासाठी मोठी वादसभा भरवली होती आणि नंतर प्रयागला दानाचा सोहळा, तो पंचाहत्तर दिवस चालला.

येताना मात्र सिंधू नदीत वादळाने नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्या व फुलझाडांचं बियाणं पाण्यात गेलं. पोथ्या सांभाळायला बसवलेला माणूसही पडला होता, त्याला वाचवलं. हे पन्नास पोथ्यांचं दुःख त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

सम्राटाने शिक्षा केली नाही? बंदी मोडली होती ना?

उलट! खोतानहून त्याने आधीच पत्र लिहून माफी मागितली होती, सम्राट थायझुंगने बोलावून घेतलं आणि भिक्षूपण सोडून दरबारात ये म्हणाला. याने नकार दिला, मला भाषांतराला जागा आणि माणसं द्या म्हणाला. सम्राटाला पश्चिमेकडच्या राज्यांची माहिती हवी होती, म्हणून 646 मध्ये प्रवासवर्णन तयार झालं, बारा खंडांचं, 138 राज्यांची माहिती असलेलं, शिष्य ब्येनचीने लिहून काढलेलं. म्हणजे ज्या पुस्तकामुळे आपण त्याला ओळखतो ते त्याच्यासाठी मागणी आली म्हणून पूर्ण केलेलं एक काम होतं, त्याला घाई होती ती पोथ्यांची.

भाषांतर एकटाच करायचा का?

अजिबात नाही, आणि इथे मला थोडं जास्त लिहू द्या. त्याच्याकडे टीम होती. सुरुवातीलाच अर्थ तपासणारे 12 जण, वाक्यं जुळवून लिहिणारे 9, अक्षरांची शुद्धता बघणारा एक, संस्कृत पडताळणारा एक, शिवाय लेखनिक. तो पोथी हातात धरून तोंडी चिनी सांगायचा, बाकीचे उतरवायचे, तपासायचे, घासूनपुसून घ्यायचे. आज कुठल्याही अनुवादाला एवढे रिव्ह्यू मिळत नाहीत.

त्याचा दिवस चरित्रात दिलाय. रोजचं काम ठरलेलं, दिवसा माणसांच्या येण्याजाण्यात राहिलं तर रात्री बसून पूर्ण करायचं, मग पूजा, थोडं चालणं, मध्यरात्री झोप, पहाटे उठून पोथी उघडायची आणि आज जेवढं भाषांतर करायचं तेवढ्यावर लाल शाईने ठिपके देत जायचं. हे मी वाचलं तेव्हापासून सकाळी मूळ मजकुरावर खुणा करायची सवय मीही लावून घेतलीये.

एकूण 75 ग्रंथ, 1335 खंड. त्यातला महाप्रज्ञापारमिता हा महायानाचा प्रचंड ग्रंथ, तो एकटाच 600 खंडांची. 660 मध्ये तो सुरू केला तेव्हा शिष्य म्हणाले फार पुनरुक्ती आहे, संक्षेप करूया. त्यालाही पटलं, पण त्या रात्री भयंकर स्वप्नं पडली आणि त्याने ठरवलं की एक शब्दही गाळायचा नाही. तीन संस्कृत प्रती समोर ठेवून, जिथे पाठ जुळत नाहीत तिथे पुन्हा पुन्हा ताडून, 663 मध्ये पूर्ण केला.

"पाच प्रकारचे शब्द भाषांतर करू नयेत" हा नियम काय आहे?

हा नियम त्याच्या नावावर सांगितला जातो आणि माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलेला आहे. पाच ठिकाणी अर्थ न देता मूळ शब्दाचा आवाजच ठेवायचा. मंत्र आणि धारणी, कारण ते गूढ आहेत. अनेक अर्थांचे शब्द, जसं "भगवत्", ज्याचे सहा अर्थ आहेत, एक निवडला की पाच मेले. जी वस्तू चीनमध्ये नाहीच ती, जसं जांभळाचं झाड, जंबू. जे आधीपासून रूढ झालंय ते. आणि पाचवं मला सगळ्यात सुंदर वाटतं, शब्दाचा मान राखायचा असेल तर, म्हणजे "प्रज्ञा" म्हटलं की माणूस सावरून बसतो, "शहाणपण" म्हटलं की ते हलकं होतं.

म्हणूनच हृदयसूत्राच्या शेवटचं "गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा" त्याने तसंच आवाजात ठेवलं. चिनी लोक आज "जिए-दी जिए-दी" म्हणतात, जपानी "ग्याते ग्याते". वाळवंटात तो जे सूत्र म्हणत होता तेच हे, आणि पूर्व आशियात रोज म्हटलं जाणारं 260 अक्षरांचं चिनी रूप त्याच्याच नावाचं आहे.

त्याची सगळी भाषांतरं लोकांनी स्वीकारली का?

नाही. त्याच्या आधी कुमारजीव नावाचा मोठा भाषांतरकार होऊन गेला होता, त्याची चिनी जास्त गोड, कानाला बरी. ह्युएनत्संग काटेकोर. अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या नावाचंच बघा, आधीच्या लोकांनी "जगाचा आवाज ऐकणारा" असा अर्थ घेऊन क्वान-शिर-यिन केलं होतं, हा म्हणाला चूक आहे, शब्दात "ईश्वर" आहे, म्हणून क्वान-त्झ-त्झाय. व्याकरण याच्या बाजूचं. पण लोकांनी आपली क्वानयिन सोडली नाही, आजही देवळात तेच नाव आहे.

उलट एक शब्द मात्र असा टिकला की आज चिनीत भारताला जो शब्द आहे, "यिन-दू", तो त्याने ठरवलेला. जुनी शेन-दू वगैरे रूपं बाजूला ठेवून त्याने हा उच्चार योग्य म्हटला आणि तो "इंदू" म्हणजे चंद्राशी जोडला.

एक भांडणही प्रसिद्ध आहे. सम्राटाने लाओत्सेचा, म्हणजे ताओवाद्यांचा मूळ ग्रंथ संस्कृतात करायला सांगितला. ताओवादी म्हणाले "ताओ"ला "बोधि" लिहा, हा म्हणाला नाही, ताओ म्हणजे वाट, तर संस्कृतात "मार्ग". शेवटपर्यंत हटला नाही.

भारताला याचा काय उपयोग झाला?

दोन मोठे. एक, जमिनीतला. त्याच्या प्रवासवर्णनाची फ्रेंच भाषांतरं 1850 च्या दशकात आली आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम त्यातली अंतरं आणि दिशा धरून गावोगाव फिरला. नालंदा, श्रावस्ती अशा जागा पक्क्या करण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

दुसरा कागदावरचा, कमी बोलला जाणारा. आपल्याकडे हरवलेले कितीतरी ग्रंथ त्याच्या चिनीत शिल्लक आहेत. महाविभाषा ही बौद्ध तत्त्वज्ञानावरची 200 खंडांची टीका फक्त तिथेच पूर्ण मिळते. आणि तो फक्त बौद्ध ग्रंथ करत बसला नव्हता, वैशेषिक दर्शनाचं दशपदार्थशास्त्रही त्याने 648 मध्ये चिनीत आणलं, मूळ संस्कृत गेलं, ते मात्र आहे. वसुबंधूचा अभिधर्मकोशही असाच कित्येक वर्षं चिनी आणि तिबेटी भाषांतरांतून वाचावा लागायचा, मग राहुल सांकृत्यायनांना तिबेटमध्ये संस्कृत पोथी सापडली आणि तिच्या कारिका (मूळ श्लोक) 1946 मध्ये आपल्या पुण्याच्या वा. वि. गोखल्यांनी संपादित करून छापल्या.

चीनबाहेर प्रभाव?

शिष्यांमुळे पसरला. चीनमधला ख्वेइ-ची, पण बाहेरचेही होते, कोरियाचा वोन्चुक आणि जपानचा दोशो. दोशो 653 मध्ये आला, शिकून गेला, त्यातून जपानचा होस्सो पंथ, नारामधली कोफुकुजी आणि याकुशिजी ही देवळं त्याचीच. माकड, डुक्कर आणि भिक्षूची ती सोळाव्या शतकातली प्रसिद्ध चिनी कादंबरी ("जर्नी टू द वेस्ट") याच प्रवासावरून, पण त्यातला भित्रा, रडका भिक्षू म्हणजे हा नव्हे.

शेवट कसा झाला?

महाप्रज्ञापारमिता संपल्यावर शिष्यांनी रत्नकूट हा आणखी एक प्रचंड ग्रंथ घ्या म्हणून गळ घातली. त्याने काही ओळी केल्या आणि पोथी मिटली, आता ताकद नाही म्हणाला. काही दिवसांनी खोलीमागचा छोटा चर ओलांडताना पाय घसरला, नडगीला नुसतं खरचटलं, पण त्याने अंथरूण धरलं. 664 मध्ये युह्वा विहारात गेला.

परत गेल्यावर भारतातल्या कुणाशी संबंध राहिला का?

हो, आणि ती पत्रं चरित्रात जपलेली आहेत. 652 मध्ये बोधगयेच्या महाबोधी विहारातून ज्ञानप्रभ आणि प्रज्ञादेव यांनी पत्र आणि पांढऱ्या सुती कापडाची जोडी पाठवली, वाट लांब आहे, भेट छोटी आहे, राग मानू नका अशा अर्थाचं. यातला प्रज्ञादेव म्हणजे कनौजला ज्याच्याशी याचा कडाक्याचा वाद झाला होता तोच. 654 मध्ये याने दोघांना उत्तरं लिहिली. गुरू शीलभद्र गेल्याचं त्याला कळलं होतं, त्याबद्दल लिहिलं, प्रज्ञादेवाला त्या वादात मी जास्त बोललो असेन तर मनात ठेवू नका म्हणाला, कुठले ग्रंथ भाषांतरून झाले ते सांगितलं. आणि ज्ञानप्रभाच्या पत्रात पुढे लिहिलं की सिंधू ओलांडताना पोथ्यांचं एक ओझं बुडालं, सोबत नावांची लिस्ट देतोय, कुणी इकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठवून द्या.